डाव्या घोड्याचं दुखणं

दिग्रसच्या मामांपुढे खोटं बोलू शकेल अशी दुनळी रायफल अजून घडायची आहे. माणसांचं तर विचारूच नका. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे चुलतभाऊ. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते, पण तो पोटापुरता उद्योग. खरा जीव आजे-पणजांच्या काळातल्या, घोड्यांच्या रायफलींवर. घोडा म्हणजे नळीच्या मागे उभा असलेला लोखंडी कान. तो अंगठ्याने मागे ओढायचा, चाप दाबला की धाडकन पुढे पडतो आणि काडतुसावर ठोका बसतो. त्याला मागे धरून ठेवणाऱ्या कमानी, खाचा आणि आकड्या लाकडी दस्त्याच्या कुशीत दडलेल्या असतात. त्या सगळ्या कारभाराला मामा 'लॉक' म्हणायचे.

माझं लग्न होऊन महिना झाला असेल. मामा आले, ओसरीवर टेकले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "भाऊजी, रायफलचं लॉक पाहून घेऊ जरा." मी मॅट्रिकला फर्स्ट क्लास, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री. धावत आत गेले आणि सासूबाईंच्या किल्ल्यांचा जुडगा आणून मामांच्या हातात दिला. मामा हसले नाहीत. त्यांनी एकेक किल्ली नीट उलटीपालटी करून पाहिली आणि जुडगा परत देत म्हणाले, "यातली नाही, बाई. याची किल्ली कानात राह्यते."

ते खरंच होतं. आधी ते दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का हे तीनदा पाहायचे : एकदा स्वतः, एकदा मालकाला दाखवून, आणि मालकावर भरवसा नाही म्हणून पुन्हा स्वतः. मग पंखा बंद, रेडिओ बंद. एका घरी तर भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरायला लावला. ते घड्याळ त्यानंतर कधी वेळेवर चाललं नाही, पण रायफल सुधारली. डोळे मिटून घोडा इतका हळू मागे ओढायचे की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. अर्ध्यावर एक 'टक्', पुऱ्यावर दुसरा 'टक्'. त्या दोन टकांत त्यांना काय काय ऐकू यायचं, देव जाणे. कमान थकली, खाच झिजली, आतला स्क्रू कोणी चुकीच्या पेचकसाने पिळला, सगळं एस.टी.च्या तिकिटामागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहून द्यायचे. स्वतः कधी उघडायचे नाहीत. "निदान माझं, ऑपरेशन लायसनवाल्या दुकानाचं." दुकानवाले म्हणे आधी तिकीट वाचायचे, मग रायफल हातात घ्यायचे.

मुकुटबनच्या एका पाटलाच्या रायफलीचा घोडा पौषात सकाळी सकाळी आळसावल्यासारखा पडायचा आणि दुपारी ठणठणीत. तीन कारागिरांनी हात टेकले होते. मामांनी रायफलीला हातही लावला नाही. पाटलाच्या चकचकीत डोक्याकडे पाहत म्हणाले, "पाटील, हे खोबरेल घोड्यालेही लावता काय?" पाटील लाजला. "थोडंसं." "मंग थंडीत बाटलीतलं गोठते, त लॉकातलं कायले नाही गोठनार? पुसा ते!"

अशा माणसाच्या तावडीत मी सापडले, त्याची ही गोष्ट.

एका दुपारी घरची सगळी वावरात होती. मी हळद-तिखटाच्या हाताने स्वयंपाकघरातून उठले, खुंटीवरची रायफल उतरवली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. बाभुळगावच्या मैत्रिणीला पत्रात लिहून बसले होते की सासरी मी शिकार शिकते आहे. निदान तशी दिसते तरी का, ते पाहायला नको? पदर खोचला, डावा घोडा ओढला. मग भीती वाटली. घोडा परत खाली आणायला चाप दाबला, लगेच घाबरून सोडला, आणि अंगठा घसरला. आत काहीतरी 'कड्' झालं. रायफल रिकामी होती म्हणून मी आज हे लिहिते आहे. ती खुंटीवर परत टांगली आणि शहाण्या मुलीसारखी भाजी चिरायला बसले.

दोन दिवसांनी सासऱ्यांच्या लक्षात आलं की डावा घोडा अर्ध्यावर थांबतच नाही. त्याच सकाळी वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या आमच्या सालदाराने, किसनभाऊने, रायफल पुसली होती. झालं. "तूच बिघडवली! उद्यापासून येऊ नको." किसनभाऊ हात जोडून म्हणत होता, "बापू, म्या फक्त फडकं फिरवलं जी. लेकरायची आन." त्याची बायको बाळंतीण, साल अजून अर्धं बाकी. सासूबाईंनी घाईघाईने मामांना बोलावून घेतलं. मी? मी आत चूल फुंकत होते. विझलेली.

मामा आले. डावा घोडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मग डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या डोक्यावरची बारीक नक्षी न्याहाळली. मी दाराआडून पाहत होते. नक्षीच्या रेघांत पिवळं होतं. मामांनी तिथे नाक नेलं, एकदा हुंगलं आणि धोतराच्या सोग्याने ते पुसून टाकलं. कोणाला काही दिसलं नाही. मला मात्र दिसलं. हळद माझी होती.

"चाप सोडला अन् मंग अंगठा घसरला," मामा म्हणाले. "अर्ध्यावरची खाच आकडीवर आदळून तुटली. किसन, अंगठा दाखव." किसनभाऊने अंगठा पुढे केला, बैलाच्या खुरासारखा. "भाऊजी, ह्या अंगठ्याखालून घोडा घसरते काय? झोपी जाईन तो बिचारा."

"मग कोणाचा घसरला? नाव सांगा, साळेबुवा. नाव नाही, तर हाच गेला."

मामांनी दाराकडे न पाहता हाक मारली, "सूनबाई, चहा आन. चहा पेतो, मंग सांगतो."

चहा मी नेऊन ठेवला आणि परत चुलीपाशी जाऊन बसले; तिथून दारातून सगळं दिसत होतं. मामा एरवी चहा दोन घोटांत संपवून कप पालथा घालणारे. त्या दिवशी बशीत ओतायचे, फुंकायचे, परत कपात ओतायचे. साय बोटाने बाजूला काढून तिच्याकडे बघत बसायचे. सासरे चुळबुळत होते, किसनभाऊ खाली मान घालून उभा होता. कपाच्या तळाशी एक घोट उरला तेव्हा मी बाहेर आले आणि म्हणाले, "मी."

सासऱ्यांनी माझ्या हाडकुळ्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, "तुझ्याच्यानं तो घोडा चढला तरी कसा वं?"

"तेच म्हन्तो मी," मामांनी शेवटचा घोट घेतला, "पोरीत दम आहे."

किसनभाऊ पुढे एकवीस वर्षं आमच्याकडे होता.

मागच्या महिन्यात दिग्रसला गेले होते. मामा नव्वदीला टेकलेत, बाजेवर उन्हाला बसून असतात. मी विचारलं, "मी बाहेर आलेच नसते, तर नाव सांगितलं असतं का हो तुम्ही?"

"नाही," ते म्हणाले. "दुसरा कप मागितला असता."

"आणि तरी नसते आले तर?"

"काहून नसती आली? मले तर पक्कं ठाऊक होतं."

किसनभाऊ मरेपर्यंत सगळ्या गावाला सांगायचा, "बाईनं माह्यासाठी सासऱ्यासमोर तोंड उघडलं." मी हसून ऐकून घ्यायची. कप अर्धा झाला तेव्हाही मी चुलीपाशीच बसून होते, आणि उठावं की नाही हे मला अजून ठरवता येत नव्हतं, हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.