मोरी नसलेली न्हाणी

विलायतेत आमच्या घरमालकिणीच्या बैठकीचं छत माझ्यामुळे कोसळलं, आणि त्याची शिक्षा मी माझ्या मित्राला भोगू दिली. सोळा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दोघं वाशीमचे. माझ्या घरी शेती, त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. तो माझ्या आधी वर्षभर तिथं शिकत होता. त्याच्याच शब्दावर मालकिणीनं मला वरच्या मजल्यावर, त्याच्या शेजारची खोली दिली. त्या गल्लीत हिंदी विद्यार्थ्यांबद्दल आधीच कुरकुर होती. मोठ्यानं बोलतात, घरभर मसाल्याचा वास करतात, असं. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "इथं एकानं केलं का साऱ्यांच्या माथी येते, भाऊ. सांभाळून राह्य."

आंघोळीला टब होता. आपल्याच मळक्या पाण्यात बसून राहायची मला किळस यायची. मी टबाबाहेर स्टूल मांडून, घरच्यासारखं तांब्यानं अंगावर पाणी घेऊ लागलो. जमीन लाकडी, मोरी कुठंच नाही. फटींतून ते पाणी जातं कुठं, हा विचार मी केलाच नाही. तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "अबे, विहिरीवर बसला का तू? टबात बस न!" मी हसायचो आणि आणखी दोन तांबे ओतायचो.

जानेवारीत पाणी मुरून खालच्या बैठकीत छताचा गिलावा कोसळला. मालकिणीनं दोघांना बोलावलं. तिचं बोट सरळ त्याच्याकडे गेलं. दिवसातून पाच वेळा नमाजाआधी हातपाय धुवून वजू करायचा तो. खरं तर तो पाय परातीत धुवायचा, खाली थेंब पडू द्यायचा नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे पाहत राहिलो.

मालकिणीनं त्याला खोली सोडायला सांगितलं, आणि संध्याकाळी तो ट्रंक भरत होता.

"काहून बोलला नाही बे तू?"

"परीक्षा जवळ आली," मी म्हणालो.

"अन् मले काय परीक्षा नाही?"

त्या गल्लीत त्याला कुणी खोली दिली नाही. एका ओल्या तळघरात त्याची छाती धरली, आणि उन्हाळ्याआधी तो पदवीविना परतला. वागणं बिघडलं म्हणून हाकलला, असा वाशीमला बोभाटा झाला. त्यानं माझं नाव घेतलं नाही. वडिलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मी मात्र पदवी घेऊन आलो, वकील झालो, आणि बाजारात त्यांचं दुकान टाळून चालू लागलो.

गेल्या महिन्यात कळलं, त्याचे म्हातारे वडील अंथरुणाला खिळलेत. मी गेलो. तो दारातच उभा होता.

"आता कायले आले, वकीलसाहेब?"

मी आत शिरलो आणि त्याच्या वडिलांच्या खाटेशी बसलो.

"चाचा, विलायतेत ते पाणी मी सांडलं होतं. तुमच्या पोराचा काही कसूर नव्हता. मी भेलो, गप्प राह्यलो. तुमी इतकी वर्षं त्याच्याशी बोलले नाही, ते माझ्यामुळं." मग मी त्याच्याकडे वळून हात जोडले. "तुले तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली. मले माफ कर."