जानेवारीतल्या उन्हाळी बायका

उल्का देशकर यांनी नागपुरात, धरमपेठेत, तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. यजमान गेल्यावर मुलगा शैलेंद्र त्यांना अमेरिकेत, वेस्ट विंडसरला घेऊन आला. तिथे दिवसभर सगळे कामावर, बोलायला घरात काय ते डिशवॉशर. म्हणून चौसष्टाव्या वर्षी त्यांनी जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये नोकरी धरली. खुर्चीवर बसायचं आणि लोकांना चित्रांपासून हातभर लांब ठेवायचं, एवढंच काम.

त्यांच्या दालनात जपानी बायकांची चित्रं होती, लाकडी ठशांनी कागदावर छापलेली, दोनशे वर्षांपूर्वीची. कुठल्या ऋतूत बाईनं काय ल्यावं, हाच सगळ्यांचा विषय. उल्काताईंना त्या बायका पहिल्याच दिवशी ओळखीच्या वाटल्या. हिचा किमोनो अस्तराचा, तिचा बिनअस्तरी, हे त्यांना खुर्चीतूनच कळायचं.

नाजूक रंग उजेडानं उडतात. त्यामुळे कुठलंही चित्र तीन महिने भिंतीवर आणि मग पाच वर्षं अंधारात, असा तिथला नियम. त्या फिरतीत ऐन जानेवारीत उन्हाळ्याचा नंबर लागला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत सहा बायका जाळीदार कपड्यांत. एक मान पुसतेय, एक नदीकाठी पंखा हलवतेय, एकीचा दंड कापडातून आरपार दिसतोय. समोर लोक जाडजूड कोट घालून उभे.

उल्काताईंना ते बघवेना. त्या राधिकाकडे गेल्या. राधिका म्हणजे तिथली क्युरेटर, जन्मानं अमेरिकेतलीच, मराठी सगळं समजणारी आणि बेतानं बोलणारी.

"राधिका, या बायकांना आत ने गं. थंडीतल्या बायका बाहेर काढ. छत्रीवर बर्फ पडलेल्या आहेत ना तुझ्याकडे?"

"त्या जुलैमध्ये, मावशी. शेड्यूल सहा वर्षं आधी बनतं."

"बर्फाच्या बायका जुलैत?"

"मीटिंगमध्ये ठरलंय."

मीटिंगपुढे कुणाचं चाललंय? उल्काताई घरी आल्या आणि त्यांनी बॅग उघडली. दुसऱ्या दिवशी त्या निळ्या काठाची पांढरी मलमलची साडी नेसून, हातात वाळ्याचा पंखा घेऊन खुर्चीवर बसल्या. सहा जणींना तेवढीच सोबत. आतून थर्मल होतं, पण ते कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

लोकांना वाटलं, प्रदर्शनाचाच भाग आहे. ते आधी चित्रं बघायचे, मग उल्काताईंना बघायचे, आणि फिरून चित्रांकडे जायचे. एका प्रोफेसरनं त्यांच्या निऱ्यांसमोर वीस मिनिटं उभं राहून टिपणं काढली. सोमवारी उल्काताईंची सुट्टी असे. त्या दिवशी सातवी बाई का काढली, अशा तक्रारी येऊ लागल्या. शेवटी डायरेक्टरबाईंनी रीतसर नोंद करून घेतली. खुर्चीशेजारी पाटी लागली: 'उन्हाळी पोशाख, नागपूर. साहित्य: मलमल, वाळा, स्त्री.'

शैलेंद्रनं पाटीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मार्चच्या अखेरीस घरी म्युझियमचं पत्र आलं. शैलेंद्रनं ते दोनदा वाचलं.

"आई, तुझे तीन महिने झाले. आता पाच वर्षं अंधारात सपाट ठेवायचं म्हणतायत."

"कुणाला?"

"तुला. बेसमेंटमध्ये ड्रॉवर आहे म्हणे."

उल्काताईंनी हिशेब केला. बाहेर येईपर्यंत एकोणसत्तर. मधे गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. त्या रागावल्या नाहीत. इतक्या व्यवस्थित लिहिलेल्या पत्रावर रागवायचं कसं, हेच त्यांना कळेना. त्या पत्र घेऊन राधिकाकडे गेल्या.

"मी काही कागद नाही गं."

"कॉटनलाही तोच रूल आहे, मावशी," राधिका ओशाळून म्हणाली. "पण थांबा, मी वाचते."

तिनं दोन दिवस नियमावली वाचली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"मावशी, सापडलं. साहित्यात जे पहिलं लिहिलंय, ती वस्तू. बाकी सगळा आधार. म्हणजे वस्तू साडी आहे. तुम्ही फक्त स्टँड."

"स्टँडला काय नियम?"

"काहीच नाही. स्टँड कुठेही ठेवता येतो."

आयुष्यात कुणी स्टँड म्हटल्याचा इतका आनंद उल्काताईंना होईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. साडी आणि पंखा ड्रॉवरमध्ये गेले. एप्रिलपासून त्या स्वेटर घालून पुन्हा खुर्चीवर बसू लागल्या, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

जूनमध्ये त्यांना साडीची फार आठवण आली. त्यासाठी अर्ज करावा लागला, कारण लिहावं लागलं. 'नेसत होते' असं त्यांनी लिहिलं, ते चाललं. राधिका त्यांना खाली घेऊन गेली, हातमोजे दिले, ड्रॉवर ओढला. साडी पातळ कागदात गुंडाळून निजली होती. शेजारी तिचं कार्ड होतं. राधिकानं ते वाचून दाखवलं: "पदराजवळ पिवळा डाग. कारण अज्ञात."

"अज्ञात कसलं? कढी आहे ती. माझ्या भाचीच्या, अबोलीच्या बारशाला वाढताना सांडली."

राधिकानं पेन्सिल काढली. "कढी ताकाची?"

"मग कशाची असते?"

राधिकानं 'ताकाची' असं लिहिलं आणि तारीख विचारली. तारीख काही उल्काताईंना आठवेना. पण त्या दिवशी पंगतीला कोण कोण होतं आणि कुणाच्या अंगावर काय होतं, ते सगळं आठवत होतं. त्यांनी हातमोजे काढले, स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्या पाटापासून सांगायला सुरुवात केली.