वहिनीचं नागफणीचं कुंपण

सुशीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "आत्या, आई गेली," एवढंच ती म्हणाली. वहिनी नव्वदीला टेकली होती. अंथरुणाला खिळली नाही, कुणाला त्रास दिला नाही, झोपेतच गेली. भेटायला येणारे सगळे "सोनं झालं" म्हणतात. दीड महिना झाला, मला मात्र एकच गोष्ट छळते. जन्मभर इतकी घाबरत आलेली ही बाई एकटीने कशी गेली असेल?

सगुणावहिनी भित्री होती, हे आमच्या घरात उघड गुपित होतं. विजेला भ्यायची, विंचवाला भ्यायची, दारात पोस्टमन उभा राहिला तरी पदराचं टोक चावत बसायची. आम्ही तिला हसायचो, आणि मी सगळ्यांत जास्त. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते, त्यामुळे मला सगळं कळत होतं. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मूल या बाजारगावाकडचं आमचं लहानसं गाव, जिल्हा तेव्हा चांदाच म्हणायचे. दादा जंगलखात्यात नाकेदार, आठ-आठ दिवस बाहेर. घरात माय, वहिनी, मी आणि वहिनीची रांगती सुशी. घर गावाच्या टोकाला. मागे आमची बाडी, म्हणजे परसातली भाजीची जागा, तिच्यापलीकडे धानाच्या बांध्या आणि लगेच जंगल. एका संध्याकाळी शेजारच्या अंगणातून बिबट्याने शेळी उचलून नेली. माणसं बसलेली असताना. त्या शेळीपेक्षा सुशी लहान होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी चिमटा आणि टोपली घेऊन गाडीवाटेला गेली आणि नागफणीचे, म्हणजे निवडुंगाचे, फडे भरून घेऊन आली. माय दारातच अडली. काटेरी झाड घराला लावलं की घरात भांडणं लागतात, असं तिचं म्हणणं.

"भांडण परवडलं, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "बिबट नाई परवडत."

सासूपुढे तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तिने ते फडे दहा दिवस पडवीत सावलीला वाळत ठेवले. ओली जखम मातीत गेली की फडा सडतो, हे तिला माहेरचं ठाऊक होतं. मग बाडीच्या तिन्ही बाजूंनी दोन ओळी लावल्या, मागच्या ओळीतला फडा पुढच्या दोघांच्या फटीत येईल अशा. फडे अर्धे मातीत, अर्धे वर. मोठे काटे दिसतात तरी, बारीक कुसं मात्र कातडीत शिरून बसतात. दुपारभर मी तिची बोटं उजेडात धरून कुसं काढत बसायचे आणि ती "त्या कोपऱ्यात फट राह्यली काय हो?" हेच विचारायची. दादा आला की थट्टा करायचा, "माही बायको किल्ला बांधून राह्यली." तिसऱ्या पावसाळ्यानंतर किल्ला छातीएवढा झाला. पिवळी फुलं यायची, मग लाल बोंडं. सुशी बाडीत एकटी धावू लागली आणि वहिनी चुलीपाशी बसून जरा सावकाश जेवू लागली.

मग एका हिवाळ्यात फड्यांवर पांढरं काहीतरी दिसलं. कापसाचे बारीक पुंजके चिकटवावेत तसं. मायने अंगठ्याने एक पुंजका दाबून पाहिला, तर अंगठा लालभडक झाला. कुंकवासारखा नव्हे, कुंकूच. तिने तो तसाच कपाळाला लावला आणि वहिनीला हाक मारली. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की नाकेदाराच्या बाडीत मातामाय, देवीच्या रोगाची माता, उतरली. बाया तांदूळ, हळद घेऊन येऊ लागल्या, पुंजका चिरडून कपाळाला लावू लागल्या, एखादा फडा घरीही नेऊ लागल्या. मायने सांगून ठेवलं की एका पुंजक्यालाही हात लावायचा नाही. तिची माझ्याआधीची दोन मुलं देवीच्या रोगाने गेली होती. माता कोपली की काय होतं, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

इकडे फडे पिवळे पडून माना टाकू लागले. "किडे आहेत ते, वयनी. कुंकू नाई," मी रोज सांगत होते. "महिन्याभरात सारं कुंपण बसते, पाह्य तू." वहिनी पिवळे फडे मोजत फिरायची. कुंपण गेलं तर बिबट्या, किडे मारले तर माता, आणि दोन्हीकडे सुशीच. चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. पाचव्या दिवशी माय लग्नाला दुसऱ्या गावी गेली. भर दुपारी वहिनीने विळा घेतला, पांढरे झालेले फडे तोडून खड्ड्यात पुरले आणि उरलेले राखेच्या पाण्यात भिजवून काठीला बांधलेल्या फडक्याने पुसून काढले. कुंपणाला पुरुषभर रुंद भगदाड पडलं. तिथे तिने बोरीच्या काट्या रचल्या.

तिसऱ्या दिवशी सुशीला ताप भरला.

माय परत आली होती. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सुशीच्या उशाशी बसून तिच्या चेहऱ्यावर पुळी येते का ते बघत राहिली. मी हसणारी, पण मीही दर थोड्या वेळाने पोरीला दारातल्या उजेडात नेऊन तिचं कपाळ निरखत होते. दादाचा पत्ता नव्हता. दुसऱ्या सकाळी बाडीमागच्या ओल्या मातीत बिबट्याच्या पावलांची रांग दिसली, बोरीच्या काट्यांपर्यंत आलेली आणि तिथून वळलेली. वहिनीने पावलं पाहिली, आत येऊन सुशीकडे पाहिलं.

"दोघंही आले," ती म्हणाली.

"माहं चुकलं, वयनी. मी तुले सांगाले नको होतं."

"तुमच्या सांगण्यानं नाई तोडलं मी, बाई."

मला वाटलं, माझी समजूत काढते आहे. ताप एक दिवस आड, थंडी वाजून येऊ लागला तेव्हा मी मूलला जाऊन दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या आणल्या. आठव्या दिवशी सुशीला घाम फुटला आणि तिने आंबील मागितली. मातेने माफ केलं, असं माय म्हणाली. हिवताप होता, असं मी म्हणाले. पुढे तीस-पस्तीस वर्षं ही गोष्ट मी वर्गात सांगितली. अडाणी भीतीतून वहिनीला मी कसं बाहेर काढलं, ते सांगताना माझा आवाज जरा चढायचाच...

तेरवीला गेले तेव्हा सुशीने मला बाडीच्या पार टोकाला, कुंपणाबाहेर नेलं. तिथे मी कधी फिरकले नव्हते. दगडांच्या रिंगणात तीन फड्यांची एक एकटी नागफणी, कापसाने पांढरीफटक, बुडाशी हळदकुंकू.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मले समजते तेव्हापासून. कुंपण तोडायच्या आदल्या दिवशी आईनं देवीले इथी आणून बसवलं म्हणे. किड्यानं वाळलं की नवा फडा लावे. दर मंगळवारी कुंकू लावून म्हणे, तुले जागा देल्ली माय, खायले देल्लं, आता कुंपणावर नोको जाऊ, माह्या पोरीवर नोको जाऊ. आन् मग कुंपणाचा एकेक फडा राखेच्या पाण्यानं पुसे."

म्हणजे मी तिला काहीच पटवलं नव्हतं. तिने मातेलाही जागा करून दिली, बिबट्यालाही अडवलं, आणि या तहावर साठ वर्षं पहारा दिला. एकटीने. आम्हा शहाण्यांना हसायला मोकळं सोडून.

"काढून टाकू काय आत्या?" सुशीने विचारलं. देवीचा रोग जगातून गेला हे मी कितीतरी मुलांना शिकवलं आहे. मी सुशीकडे पाहिलं. पासष्टीची बाई, चेहऱ्यावर एक वण नाही.

"राहू दे," मी म्हणाले. "नव्या फड्यावर देवी कशी बसवायची, तेवढं विचारून घे कुणाला."

विचारायला आता कोणी उरलं नाही, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. काल मंगळवार होता. सकाळपासून मी सुशीला तीनदा फोन लावला, तिने उचलला नाही. वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं. दुपारी तिचाच आला, आणि मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "लावलं आत्या, कुंकू लावलं." तेव्हा कुठे मी जेवायला बसले.