नकाशात न आलेली वाट

सर नकाशे काढतात हे मला त्यांच्याकडे कामाला लागल्यावर दोन महिन्यांनी कळलं. बदलापुरात कात्रपला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मी स्वयंपाकाला जायचे. आतल्या खोलीत मोठं तिरकं टेबल होतं आणि सर सारखे त्यावर वाकलेले असायचे. मला वाटायचं, इंजिनियर असतील. मी कुणाला विचारणारी नव्हेच.

एकदा काकू, म्हणजे सरांची बायको, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तू चौथी शिकलीस ना? भूगोलाच्या पुस्तकात महाराष्ट्राचा नकाशा होता की नाही? तो ह्यांच्या हाताखाली झालेला."

माझी तव्यावरची पोळी करपली. त्या नकाशातल्या नद्या मी शाईने निळ्या केल्या होत्या आणि त्यासाठी गुरुजींचा मार खाल्ला होता. तो काढणारा माणूस माझ्या हातच्या पोळ्या खात होता.

सरांनी मुंबईच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलं होतं. त्यांच्या आधी इकडचे लोक इंग्रजांच्या वेळचे नकाशे समोर ठेवून तसेच उतरवून काढायचे. साहेबाला जे नाव जसं ऐकू आलं, ते तसंच चालत आलेलं. सरांनी गावोगाव पायी फिरून नावं विचारायला सुरुवात केली. रविवारी त्यांचे विद्यार्थी यायचे. कुणी कॉलेजात शिकवणारे, कुणी सरकारी खात्यात मोठे साहेब. सरांच्या पाया पडायचे. मी आत पोहे परतत सगळं ऐकायचे.

सर त्यांना सांगायचे, "खुर्चीत बसून नकाशा होत नाही. आधी माणसाच्या ओट्यावर बसा. त्याचा चहा घ्या. मग नाव विचारा. एकाने सांगितलेलं पेन्सिलने वहीत. तीन वेगळ्या तोंडांनी तेच सांगितलं, तर शाईने नकाशात."

ते मला पाठ झालं होतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी आपल्याच भागाचा नकाशा हाती घेतला होता. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथवरून बदलापूरच्या पुढपर्यंत. सगळीकडे इमारती उठत होत्या. त्या आधी प्रत्येक नाला, तळं, विहीर आणि पायवाट कागदावर यायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. माझं सासर शिरगावच्या पलीकडे आणि माहेर चिखलोलीकडचं, हे कळल्यावर सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायला लागले.

"त्या टेकडीच्या मागच्या ओढ्याला काय म्हणतात गं?"

"अहो, तिच्या पोळ्या होऊ द्या," काकू म्हणायच्या. "डोंगरनद्या कुठे पळून जात नाहीत. तिची सात चाळीसची बस पळून जाते."

मी खाली बघून नाव सांगायचे. सर वहीत लिहायचे. मग त्यांनी मला नकाशा वाचायलाही शिकवलं. वर उत्तर. रेघा जवळजवळ आल्या की चढ, लांब गेल्या की सपाट. माझ्याशी इतकं नीट कुणी बोललं नव्हतं.

आमची वस्ती गावापासून वेगळी. चाळीस घरं, मध्ये एक लहान विहार. वस्तीची विहीर शेतांपलीकडे बाभळीजवळ आहे. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाणी भरू देत नव्हते, तेव्हा सासूबाईंच्या सासऱ्यांनी आणि इतरांनी मिळून ती खणली. तिकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते, पण पिढ्यान् पिढ्या आमच्याच पायांनी मळलेली. नळ आले तरी मार्च-एप्रिलमध्ये तिच्यावाचून भागायचं नाही.

एका थंडीत सर म्हणाले, "दाखव मला." मी पुढे, सर मागे, हातात वही. वाट संपेपर्यंत त्यांनी पावलं मोजली. विहिरीत वाकून पाहिलं, दोर सोडून खोली घेतली. परतताना वस्तीच्या तोंडाशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी शेजारणीकडून कपबशा आणून ठेवल्या होत्या.

"या की वाईच. च्या ठेवलाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. "पुन्हा कधीतरी नक्की," म्हणाले आणि रिक्षात बसले. मला उलट बरंच वाटलं. आमच्याकडे एकच खुर्ची, तीही डुगडुगणारी.

पुढच्या जुलैत उल्हास नदीला तो मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर सर मला टेबलाशी घेऊन गेले. त्यांनी आधीच एक निळी रेघ काढून ठेवली होती, पाणी इथवर येऊ शकतं म्हणून. पाणी बरोबर तिथवर आलं होतं. त्या दिवसापासून सरांचा नकाशा मला पोथीहून खरा वाटायला लागला.

म्हणूनच माझी चूक झाली.

पुराच्या नंतर वाटेतली शेतं विकली गेली. घेणाऱ्याने प्लॉट पाडायला काढले आणि एका सकाळी आमच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. वस्तीने कचेरीत अर्ज केला. तिथले साहेब म्हणाले, वाट जुनी आहे याचा पुरावा आणा. विहारात बैठक बसली. कुणी म्हणालं, कल्याणला जुने कागद शोधू. कुणी म्हणालं, आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या सह्या घेऊ. मी कधी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उभी राहिले.

"आपली वाट सरांच्या नकाशात येणार आहे. छापून. विहिरीसकट. त्यांनी स्वतः मोजलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंचा चेहरा फुलला. मग कल्याणला कुणी गेलं नाही, सह्याही कुणी गोळा केल्या नाहीत. नकाशाची वाट बघत बसले.

नकाशाचं प्रकाशन एका हॉलमध्ये झालं. काकूंनी मला आठवणीने बोलावलं होतं. मी शेवटच्या रांगेत बसले. सरांच्या कामामुळे भूगोल शिकवायची पद्धतच बदलली, असं भाषणात सगळे सांगत होते, आणि ते खरंही होतं. नंतर एका टेबलावर नकाशा पसरला. मी सरांनी शिकवलं तसं बोट फिरवलं. शिरगाव. टेकडी. मी सांगितलेला ओढा, मी सांगितलेल्या नावासकट. मग आमची वस्ती, एक बारका चौकोन, बिननावाचा. आणि पुढे काही नाही. वाट नाही, विहीर नाही. पांढरा कागद.

दुसऱ्या दिवशी पीठ मळायच्या आधी मी सरांच्या खोलीच्या दारात गेले. आजवर तेच माझ्या दारात यायचे.

"सर, आमची विहीर राहिली."

"राहिली नाही. घेतली नाही." सर शांतपणे म्हणाले. "गावात तिघांना विचारलं. पाटलांच्या ओट्यावर दुपारभर बसलो होतो. तिथे सगळेच म्हणाले, वाट नाही, गुरं जातात. विहीर नाही, खड्डा आहे."

"शेतं त्यांचीच होती, सर. त्यांनीच विकली."

"ते मला कसं कळणार?"

"पण तुम्ही चाललात ना तिथून? दोर सोडला होता."

"मी एकदा पाहिलेलं धरत नाही. नियम सगळ्यांना एकच."

"वस्तीत विचारायचं होतं. चाळीस घरं आहेत."

"तुला विचारलं होतं की."

मी एक तोंड होते. इतकी वर्षं मी शंभर नावं सांगितली, तरी प्रत्येक वेळी एकच तोंड. दुसरं आणि तिसरं तोंड कपबशा मांडून उभं होतं, पण सरांनी आमचा चहा घेतला नव्हता, आणि चहा घेतल्याशिवाय ते नाव विचारत नसत.

मी एवढंच म्हणाले, "मग एक चिठ्ठी द्या. तुम्ही वाट बघितली, एवढंच लिहा. परवा तारीख आहे."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "माझा नकाशा एक सांगतो आणि माझी सही दुसरं, असं कसं चालेल? चाळीस वर्षांचं काम आहे माझं. तिघांना घेऊन ये, पुढच्या आवृत्तीत बघू."

काकू दारात आल्या होत्या. "अहो, द्या की चार ओळी लिहून."

"तुला यातलं कळत नाही," सर म्हणाले.

तारखेला प्लॉटवाल्याच्या वकिलाने पिशवीतून काय काढलं, तर तोच नकाशा. साहेबांनी तो उलटून-पालटून पाहिला. ते कधीतरी सरांचेच विद्यार्थी होते. म्हणाले, "हे सर तर एक फूटसुद्धा चुकत नाहीत." आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नकाशा नकाशा करीत व्हतीस. त्यानं आम्हाला पुसून टाकलं, आन् पाटी तू धरलीस." वस्तीतल्या बायका वर्षभर मला 'नकाशावाली' म्हणत होत्या. पाण्याला रस्त्याने वळसा घालून जाताना तर मोठ्याने म्हणायच्या.

मी काम सोडलं नाही. सोडून भागणार नव्हतं, आणि काकूंचा काही दोष नव्हता. पोळ्या तशाच होत राहिल्या.

दोनेक महिन्यांनी सर पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात वही होती. त्यांना चिखलोलीकडच्या एका झऱ्याचं नाव हवं होतं. त्या झऱ्यावर मी लहानपणी कपडे धुतले होते.

"माहीत नाही, सर."

"अगं, तुझ्या माहेरचाच तो."

"माहीत नाही."

सरांना कळलं असावं. मी पोळी उलटली. मग वही मिटल्याचा आवाज आला आणि त्यांची पावलं आतल्या खोलीकडे गेली.