पाचव्या दाराची गोष्ट

उचगावच्या कृष्णातनं उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीतल्या एकाच्या डोक्यात खोरं घातलं आणि जन्मठेपेवर तो कळंब्याच्या जेलात आला. माणूस तसा वाईट नव्हता, पण राग आला की डोकं गहाण टाकायचा, त्याला कोण काय करणार! बायको आक्काताई लेकीला, निशाला, घेऊन भेटीला यायची. पोरगी आईच्या पदराआड. तो विचारायचा, "जेवलीस का?" ती मान हलवायची. तेवढ्यात वेळ संपायची. लेक हातची चालली, हे त्याला जाळीतून धडधडीत दिसत होतं.

सत्त्याण्णव साली मामानं निशाला टीव्हीवर खेळायचा गेम आणला, जुन्या बाजारातल्या एका कॅसेटसकट. त्यात एक माणूस कोठडीतून पळतो आणि दारामागून दारं उघडत सुटतो. तो कोण, कोठडीत का, याचा पडद्यावर पत्ता नाही. अस्सल कॅसेटबरोबर म्हणे एक पुस्तिका येते आणि सगळी गोष्ट तिच्यात असते. निशाला ती मिळालीच नव्हती.

"आबा, कोण असंल त्यो?" तिनं जाळीशी येऊन विचारलं. आपणहून विचारलेला तिचा हा पहिलाच प्रश्न.

कृष्णातनं जन्मात गेम बघितला नव्हता. तरी त्यानं बिनदिक्कत ठोकून दिलं, "ती पुस्तिका आमच्या हितल्या वाचनालयात हाय की! वाचून सांगतो."

मग दर भेटीला पुस्तिकेचं एकेक पान. त्या माणसाचं गाव होतं, त्याच्याशिवाय कुणाला दूध न देणारी म्हैस होती, वाट बघणारी लेक होती. शेवटी तो घरी पोचणार, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. दिवसभर जेलातल्या विणकामाच्या मागावर धोटा फेकताना कृष्णात पुढचं रचायचा. निशा तोंड उघडं टाकून ऐकायची.

धास्ती एकच होती. पोरीनं गेम संपवला की शेवट पडद्यावरच दिसणार, आपली थाप उघडी पडणार आणि ती परत पदराआड जाणार. म्हणून तो आधी विचारायचा, "कुठवर आलीस?"

"पाचव्या दारात."

वर्ष गेलं तरी पाचवंच दार. पोरगी खेळात ढ निघाली म्हणून बाप मनातून खूश होता. असाही बाप असतो!

अशात हायकोर्टातलं अपील फेटाळलं गेलं. आक्काताईनं भेटीत ते सांगितलं आणि ती रडायला लागली. निशा पुढं घुसली. "आबा, त्याचं पुढं काय झालं?"

"गप की गं!" आक्काताई कडाडली. "कवाच संपवलायस तू त्यो गेम. शेवटच्या दारातनं भाईर पडला की परत पयल्याच कोठडीत येतोय. मी बघितलंय न्हवं!"

कृष्णातनं लेकीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

"तुमच्या पुस्तिकेत त्यो घरी जातोय न्हवं, आबा," ती म्हणाली. "म्हणून मी सांगितलं न्हाय."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.

"सांगा की, लवकर," निशा म्हणाली.

"पाचवं दार उघडलं," कृष्णात म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला दारापलीकडचं काही दिसेना.