न कापलेलं वायरिंग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी समोरासमोर दोन गॅरेज होती. एक थोरल्यांचं, इंजिनाच्या कामाचं. दुसरं धाकट्यांचं, गाड्यांच्या वायरिंगचं. दोघे सख्खे भाऊ. खरी नावं पाट्यांवर होती, पण गल्लीत ती कोणी उच्चारत नसे.

पूर्वी गॅरेज एकच होतं. थोरल्यांचा हात इंजिनावर बसलेला, पण स्वभाव उतावळा. मोडीत निघालेल्या गाडीतून इंजिन उतरवताना वायरी एकमेकींना जोडणारे कपलर एकेक करून सोडवणं त्यांना जमत नसे. पक्कड घ्यायची आणि वायरी सरसकट कापायच्या. मग तेच इंजिन दुसऱ्या गाडीत बसलं, की ते तुटके शेंडे जुळवत धाकटे बसायचे.

"दादा, निदान वीतभर तरी सोडत जा. हे काय नखाला जोडू?"

"जोडता येत नाही म्हण की सरळ!"

असं रोज चालायचं आणि दुपारी दोघे एकाच डब्यात जेवायचे. पण एकदा अशाच जोडकामाची एक गाडी पेटली. माणसं वाचली, गाडी गेली. गिऱ्हाइकासमोर थोरले म्हणाले, जोड कच्चा होता. धाकटे म्हणाले, जोड द्यायची वेळ कोणी आणली? त्याच दिवशी धाकट्यांनी आपली पेटी उचलली आणि रस्ता ओलांडला.

त्यानंतर वर्षानुवर्षं अबोला. दोघांचेही आयकराचे कागद मीच पाहत असल्यामुळे निरोप्याची नोकरीही माझ्याच गळ्यात पडली.

"अकाउंटवाले, त्याला सांगा, त्याचा जॅक माझ्याकडे राहिलाय."

"दादाला म्हणावं, मधे रस्ता आहे, समुद्र नाही."

तरी तो जॅक कोणीच उचलला नाही.

मग थोरल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, वहिनींना, फारशी आशा दिली नाही. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत, खिडकीजवळ त्यांची खाट टाकली. खिडकीतून अंगणातली वडिलांची जुनी मालवाहू गाडी दिसत असे. दोघे भाऊ हे काम तिच्यावरच शिकले होते. तिचं इंजिन कधीच संपलेलं. झटका येण्याआधी थोरल्यांनी एका नव्या, अपघातात चेपलेल्या गाडीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं होतं. वायरिंग तेवढं राहिलं होतं.

वहिनी रस्ता ओलांडून धाकट्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो.

"भाऊजी, दिवसभर ते त्या गाडीकडेच बघत असतात. कान शाबूत आहेत तोवर ती चालू झालेली त्यांना ऐकू दे. माझं दुसरं काही मागणं नाही."

धाकटे खाली बघत म्हणाले, "वहिनी, हे नव्या पद्धतीचं इंजिन आहे. सगळा कारभार कॉम्प्युटरवर. दादानं नेहमीसारख्या वायरी छाटल्या असतील तर महिनाही पुरायचा नाही."

"आधी या तर खरं. तिथे एक पोतं ठेवलंय, ते बघा."

धाकट्यांनी अंगणात येऊन पोतं उलटं केलं. आत इंजिनाचं अख्खं वायरिंग होतं, घडी घातलेलं. एकही वायर कापलेली नव्हती. प्रत्येक कपलर शाबूत, आत धूळ जाऊ नये म्हणून त्यावर चिंधी बांधलेली.

"हे दादानं केलं?"

"दोन दिवस चेपलेल्या गाडीत उलटे लोंबकळत होते. मी म्हटलं, कापून टाका, तुम्हाला कुठलं पथ्य? तर म्हणाले, ज्याला जोडायचंय त्याला शिव्या घालायला जागा ठेवायची नाही."

धाकटे बराच वेळ त्या चिंध्या सोडत बसले. नुसत्या ओढल्या असत्या तरी निघाल्या असत्या.

पुढचे काही दिवस त्यांनी आपलं गॅरेज बंदच ठेवलं. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर जुन्या गाडीच्या चावीशी जोडायचा, पेट्रोलचा पंप वेगळ्या तारेवर घ्यायचा, आणि ऑइलचा जुना लाल दिवाही जुन्याच जागी लागला पाहिजे. काम करताना ते खिडकीकडे पाठ करून बसत. आत जाऊन दादांसमोर उभं राहण्याचं धाडस त्यांना झालं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती, असं मला वाटतं.

काम झालं. वहिनींनी खिडकीची दोन्ही दारं उघडली, थोरल्यांना उशांना टेकवून बसवलं. धाकट्यांनी चावी फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन फिरलं, पण चालू होईना. चावी सोडली, की एकदा खोकल्यासारखा आवाज येई आणि शांत. पुन्हा तेच. पुन्हा तेच. धाकट्यांनी टेस्ट लॅम्प लावून सगळ्या तारा तपासल्या. जिथे तिथे दिवा लागत होता, म्हणजे वीज येत होती. बॅटरी मात्र उतरत चालली होती.

"भाऊजी," वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "इकडे बघा. ते काहीतरी सांगताहेत."

थोरल्यांचा डावा हात वर आला होता. अंगठा आणि बोट धरून त्यांनी हवेत चावी फिरवली आणि तशीच धरून ठेवली. मग मूठ उघडली, रिकामी. पुन्हा फिरवली, पुन्हा रिकामी. शेवटी चावी सोडल्यासारखं करून गोधडीवर एक टिचकी मारली.

धाकटे गाडीतून उतरून खिडकीपाशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थेट दादांशी बोलले.

"सेल्फ मारताना वीज जाते? आणि सोडल्यावर येते?"

थोरल्यांनी होकारादाखल पापण्या मिटल्या.

चूक धाकट्यांचीच होती. कॉम्प्युटरची वीज त्यांनी गाडीतल्या पंख्याच्या जाड तारेवरून घेतली होती. जुन्या गाड्यांत सेल्फ फिरताना पंख्याची वीज आपोआप बंद होते, सगळा जोर सेल्फला मिळावा म्हणून. कॉम्प्युटर नेमक्या त्या क्षणी मरत होता. चावी नुसती चालू ठेवून तपासलं तर दिवा लागणारच.

"मीच माती खाल्ली, दादा."

थोरल्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. वहिनी म्हणाल्या, "हसताहेत तुम्हाला."

"हसू दे. हक्क आहे त्यांचा."

त्यांनी ती तार काढून दुसरीकडे जोडली, आपल्या दुकानातून भरलेली बॅटरी आणली आणि चावी फिरवली. इंजिन लगेच चालू झालं. सुरुवातीला जरा चढं, मग एका सुरात. ऑइलचा दाब चढला तसा लाल दिवा विझला. मी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच खाली घेतले. धाकटे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते आणि त्यांचे गाल ओले होते. मग इंजिन तसंच चालू ठेवून ते खोलीत गेले आणि खाटेच्या कडेला बसले. थोरल्यांचा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर होता.

बऱ्याच वेळानं वहिनी हळूच म्हणाल्या, "झोप लागली त्यांना. गाडी बंद करा आता."

"राहू दे, वहिनी," धाकटे म्हणाले. "बंद केली तर जाग येईल."