शत्रूच्या पोटरीला मालिश

माझ्या काकांना सगळे दाबकाका म्हणतात. व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय संघाचे ते मालिशवाले. बावीस वर्षं पाय पाहत आलेत. तोंडं त्यांच्या लक्षात राहत नाहीत.

शेजारच्या देशाशी आमचं उभ्या जन्मात पटलेलं नाही, म्हणून मैत्री सामना ठरला. महासंघाच्या सचिवांनी पाऊण तास भाषण केलं. खेळानं मनं जुळतात, सीमा विरघळतात वगैरे. विरघळत होते ते उन्हात उभे केलेले खेळाडू. मग काकांच्या बाकाजवळ येऊन साहेबांनी हळूच बजावलं, पाहुण्यांशी हसायचं ते फोटोपुरतं.

शेवटच्या सेटमध्ये पाहुण्यांचा एक उंच गडी उडी मारून खाली आला तो पोटरी धरूनच. त्यांचा डॉक्टर एका शिक्क्यावाचून सीमेवर अडकला होता. हो, त्या विरघळलेल्या सीमेवर. काका उठले. सचिवांनी बाही धरली. बाहीचं बटण सचिवांकडे राहिलं, काका मैदानात.

पोटरी दाबून मोकळी केली. इथवर ठीक होतं. पण काकांना एक खोड आहे. पाय हातात आला की तो का दुखतो हे सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. भाषा येईना, तर पोट सांभाळत स्वतः उड्या मारून दाखवल्या: एकट्या डाव्या पायावर उतरतोस, दोन्ही टेक, गुडघे वाकव. गड्यानं तस्सं केलं आणि पुढचे पाच गुण एकट्यानं काढले. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. कारण: प्रतिस्पर्धी राष्ट्रास तांत्रिक साहाय्य. काकू म्हणाली, दोन उड्यांवर शास्त्रज्ञ केलं हो यांना. पण हसून झाल्यावर ती खोलीतली भांडी मोजू लागली, कारण राहती खोलीही नोकरीचीच होती. महिनाअखेर दोन्ही जाणार.

सचिवांनी बोलावून मोठ्या मनानं वाट दाखवली. लिहून द्या, की तुम्ही मुद्दाम चुकीचं दाबायला गेला होतात, पण जमलं नाही. देशभक्तीत बसवतो, प्रकरण मिटवतो.

नोटिशीला न चिडलेले काका यावर चिडले.

"चुकीचं दाबलं, असं मी लिहू? घ्या नोकरी."

काकूनं भांडी खोक्यात भरायला घेतली. महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा पाहुण्यांचं परतीच्या सामन्याचं आमंत्रण आलं. बारा खेळाडू, एक प्रशिक्षक आणि 'तो उड्या मारणारा मालिशवाला'. तो नसेल तर सामना नको. खाली अख्ख्या संघाच्या सह्या, आणि उंच गड्याच्या सहीशेजारी एक ओळ: पोटरी बरी आहे. मंत्र्यांना मैत्री भलतीच आवडली. नोटीस म्हणे टायपिस्टच्या नजरचुकीनं निघाली होती.

सचिवांचं नाव मात्र यादीत नव्हतं. परदेशवारीसाठी दोन सूट शिवून बसलेला माणूस. बावीस वर्षांत पहिल्यांदा काकांच्या खोलीवर आला, खोक्यांमधून वाट काढत मालिशच्या बाकड्यावर टेकला, पँटला तेल लागलं तरी हसत राहिला.

"दाबकाका, मालिशवाल्याला सोबत एखादा मदतनीस नेता येतो का हो?"

काकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, अंगठे नीट दाबून पाहिले.

"जोरच नाही साहेब. नुसते टाळ्या वाजवलेले हात आहेत. पायाला नाही लावता यायचे."